डबल स्ट्रोकमधला दुसरा ठोका

ड्रमवरचा डबल स्ट्रोक म्हणजे प्रत्येक हाताने लागोपाठ दोन ठोके: उजवा-उजवा, डावा-डावा. कागदावर याहून सोपं काही नाही. सरावाच्या रबरी पॅडवर घेतलं की पहिल्याच मिनिटाला कळतं, चारपैकी दोनच ठोके आपण वाजवतोय आणि उरलेले दोन काठी आपल्या मनाने वाजवतेय. पहिला ठोका मनगटाचा असतो, दुसरा उसळीचा. डबल स्ट्रोक सुधारताना माझी जवळजवळ सगळी मेहनत या दुसऱ्या ठोक्यावर गेली आणि ती तिथेच जायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

उसळीवर का भागत नाही, ते आधी पाहू. सोडलेली काठी जेवढ्या उंचीवरून पडते तेवढी परत वर येत नाही. थोडा जोर रबरात जिरतो, थोडा काठीत, थोडा बोटांत. त्यामुळे दुसरा ठोका हलकाच पडणार. पण त्याहून मोठा दोष लयीचा आहे. उसळलेली काठी परत कधी पडायची, हे तिची उंची आणि खालच्या पृष्ठभागाचा ताण ठरवतात. अशी उसळी एखाद्याच गतीला नेमकी बसते. त्याहून संथ वाजवलं तर दोन ठोके एकमेकांना चिकटतात, ‘टर्र… टर्र…’ असं ऐकू येतं. त्याहून जलद गेलं तर दुसरा ठोका नुसता पुटपुटतो. ‘माझा रोल (अशा ठोक्यांची सलग माळ) एका ठरावीक स्पीडलाच चांगला येतो’ असं अनेक वादक म्हणतात, त्याचं कारण हेच.

तपासायचं कसं? मेट्रोनोम, म्हणजे लयीची टिकटिक देणारं यंत्र किंवा ॲप, ८० वर (मिनिटाला ८० मात्रा) लावा, मात्रेला चार ठोके. चार मात्रा सिंगल, म्हणजे हाताला एकेक ठोका: उ डा उ डा (उ उजवा, डा डावा). न थांबता पुढच्या चार मात्रा डबल: उ उ डा डा. फोनवर रेकॉर्ड करा आणि डोळे मिटून ऐका. सिंगल संपून डबल कुठे सुरू झाला, हे कानाला कळलं तर काम बाकी आहे.

आपल्याकडे मराठवाड्यात ड्रमसेटकडे येणारा हात सहसा कोरा नसतो. कुणी ताशावरून येतो, कुणी हलगीवरून, कुणी शाळेच्या बँडमधल्या साइड ड्रमवरून. तुळजापूर-माहूरच्या बाजूला लहानपणापासून संबळ ऐकलेला, वाजवलेला हातही असतो. या प्रत्येक वाद्याने हाताला काही दिलेलं असतं आणि काही सवयीही लावलेल्या असतात. ताशाचं पान कडक ताणलेलं आणि काड्या बारीक. थोड्याशा धक्क्यावर काडी नाचत राहते. तिथे उसळी एवढी मिळते की दुसऱ्या ठोक्याला बोटांनी खाली ओढायची गरजच पडत नाही. तोच हात स्नेअरवर (ड्रमसेटमधल्या, खाली तारा असलेल्या मुख्य ड्रमवर) आला की पहिला ठोका दणदणीत आणि दुसरा गायब. हलगीत उजव्या हातात जाड टिपरू आणि डाव्या हातात लांब बारीक काडी. शिवाय डाव्या हाताने कडंही सांभाळायचं. त्यामुळे डावं मनगट मोकळं फिरलेलंच नसतं. संबळाच्या दोन काड्यांतली एक टोकाला वाकडी, म्हणजे तिथेही दोन हातांची कामं निराळी. डबल स्ट्रोकला मात्र दोन्ही हात एकसारखेच लागतात. हे लक्षात घेऊनच सरावाची वाटणी करावी लागते: ताशाच्या हाताने बोटांवर जास्त वेळ घालवावा, हलगीच्या हाताने डाव्या मनगटावर.

सामानाचं थोडक्यात. काठी ५ए मापाची घ्या, हिकरी लाकडाची. लांबी १६ इंच, जाडी साधारण १४.४ मिलिमीटर. ७ए बारीक आणि हलकी असते, तिला दुसऱ्या ठोक्यासाठी जरा जास्त ढकलावं लागतं. २बीसारख्या जाड काठीवर हात कमावावा असं पुष्कळ जण सांगतात. सिंगलसाठी ते ठीक आहे, पण डबलसाठी मला ते पटत नाही. जड काठी स्वतःच्या वजनाने दुसरा ठोका देऊन टाकते आणि बोटांची कमजोरी झाकली जाते. दुकानात काठ्या घेताना त्या फरशीवर लोटून बघा. शहाबादी फरशी सपाट असेल तर वाकडी काठी लगेच हेलकावे खाते. मग एकेक काठी हलक्या हाताने फरशीवर वाजवून दोन्हींचा स्वर जुळतो का तेही ऐका. वजनात फरक असलेल्या जोडीवर दोन्ही हात सारखे करण्याचा प्रयत्न वाया जातो.

पॅड नसेल तर १२ मिलिमीटर प्लायचा एक फूट बाय एक फूट तुकडा आणि त्यावर चिकटवलेला जाडसर माउसपॅड पुरतो. उसळी कमी मिळते, आवाज कमी होतो आणि डबल स्ट्रोकसाठी कमी उसळी उपकारकच आहे. पॅड मांडीच्या थोडं वर, बेंबीच्या जरा खाली. बसल्यावर मांड्या किंचित उतरत्या असाव्यात. कोपरं अंगालगत सैल. काठी पॅडवर जवळजवळ आडवी यायला हवी. टोक खाली खुपसलं गेलं तर उसळी हाताकडे न येता भलतीकडेच जाते.

आता पकड. काठी मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांशावर धरायची, म्हणजे ५ए वर अंदाजे साडेपाच इंचांवर. नेमकी जागा काठीच सांगते. अंगठा आणि तर्जनीत काठी सैल धरा, टोक पॅडवर पडू द्या आणि किती वेळा उसळते ते मोजा. अर्धा इंच पुढे-मागे करत पुन्हा पाडा. जिथे सर्वांत जास्त उसळ्या मिळतात तिथे पेन्सिलीने खूण करा. अंगठा आणि तर्जनीचा पहिला सांधा समोरासमोर, मधलं बोट खालून आधाराला. अनामिका आणि करंगळी काठीला टेकलेली राहिली पाहिजेत. ही दोन बोटं हवेत उघडी राहणं हा मी सर्वाधिक पाहिलेला दोष. दुसरा ठोका ओढायचं काम मागच्या बोटांचं आहे आणि तीच हवेत असतील तर ओढणार कोण? अंगठा दाबला जातोय का, हे आवाजावरून ओळखता येतं. दाबलेल्या काठीचा आवाज बोदा आणि आखूड येतो. मोकळ्या काठीचं लाकूड स्वच्छ गातं.

इथून पुढे गतीचे तीन टापू मानायचे. मात्रेला चार ठोके धरले तर ६० ते साधारण ९० पर्यंतचा टापू मनगटाचा. ६० ला दोन ठोक्यांमधलं अंतर पाव सेकंद असतं. मनगटाला दोन पूर्ण, वेगळे ठोके द्यायला तेवढा वेळ भरपूर. १४० च्या पुढे हे अंतर एका सेकंदाच्या नवव्या-दहाव्या भागाइतकं उरतं. तिथे मनगट दर हाताला एकदाच हलतं आणि दुसरा ठोका बोटं देतात. मधला ९० ते १४० चा टापू हा सांधा. माणूस संथ वाजवतो, जलद वाजवतो आणि हा सांधा उडी मारून ओलांडतो. रोल अडतो तो नेमका इथेच. हे आकडे हातागणिक दहा-वीसने सरकतील, पण सांधा प्रत्येकाच्या हातात असतोच.

मनगटाचा टापू आधी. मेट्रोनोम ६० वर. एकाच हाताने आठ ठोके, मग दुसऱ्या हाताने आठ. काठीचं टोक दर ठोक्याला आठ-नऊ इंच वर गेलं पाहिजे आणि ठोक्यानंतर आपसूक तेवढंच वर आलं पाहिजे. ते वर ओढायचं नाही, पण वर येताना अडवायचंही नाही. मग उ उ डा डा. समोर आरसा ठेवा. दुसऱ्या ठोक्याला टोक पहिल्याइतकंच वर जातंय का, एवढंच बघायचं. ते दर वेळी अर्ध्यावरूनच खाली येताना दिसेल. हाच व्यायाम घडी घातलेल्या सतरंजीवर किंवा उशीवर करा. तिथे उसळी शून्य, म्हणून दुसरा ठोका मनगटाला उचलूनच द्यावा लागतो. पण उशीवर पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका आणि वेग ८० च्या वर नेऊ नका. उशीवर वेग वाढवला की हात पकड आवळायला शिकतो आणि ती आवळलेली पकड पॅडवर परत आल्यावरही सुटत नाही.

त्यानंतर दुसऱ्या ठोक्यावर जोर द्यायचा. पहिला ठोका दोन इंचांवरून हलका, दुसरा आठ इंचांवरून ठसठशीत. सुरुवातीला फार विचित्र वाटतं, कारण हाताची सवय नेमकी उलटी असते. ७० ला हे स्थिर झालं की चार मात्रा जोर दुसऱ्यावर, चार मात्रा दोन्ही सारखे. सारखे वाजवताना कान आपोआप दुसरा ठोका शोधू लागतो.

याच जागी मला सर्वांत उपयोगी पडलेला बदल म्हणजे रोल अर्ध्यातून सुरू करणं: उ डा डा उ, उ डा डा उ. हात तेच, जोड्या त्याच, पण मात्रेची टाळी आता जोडीतल्या दुसऱ्या ठोक्यावर पडते. जो ठोका आडोशाला लपून होता तो थेट मेट्रोनोमच्या टिकटिकीवर येतो. तो जरा लवकर किंवा हलका पडला तर लगेच उघडा पडतो. तिहेरी ठोकेही याच कामाचे: उ उ उ डा डा डा. तिसरा ठोका टिकवायचा तर दुसरा भक्कम असावाच लागतो. दोन मिनिटं तिहेरी वाजवून लगेच डबलवर या, दुसरा ठोका अचानक भरलेला ऐकू येईल.

बोटांचं काम वेगळं काढून शिकावं लागतं. तळहात एकमेकांकडे वळवून अंगठे वर करा. डाव्या हाताने उजवं मनगट धरून ठेवा, म्हणजे ते हलणार नाही. आता फक्त मागच्या तीन बोटांनी काठीचं मागचं टोक तळहाताकडे ओढायचं आणि सोडायचं. मेट्रोनोम ६०, मात्रेला दोन ठोके, मग चार. मिनिटभरात कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात ओढ जाणवेल. तळहात खाली वळवलेल्या नेहमीच्या पकडीत बोटांना एवढा वाव नसतो, पण ताकद इथे कमावून तिथे नेता येते.

बोटं जागी झाली की दोन्ही गोष्टी जोडायच्या. हालचाल हळू करून पाहा. काठी वर, मागची बोटं उघडी, काठी अंगठा-तर्जनीत तोललेली. मनगट खाली येतं, पहिला ठोका पडतो. काठी उसळून वर येऊ लागते त्याच क्षणी बोटं मिटतात आणि काठीचं मागचं टोक तळहाताला येऊन टेकतं. हाच दुसरा ठोका. बोटं मिटत असताना मनगट खाली न राहता किंचित वर निघतं, म्हणजे दुसरा ठोका पडतो तेव्हा हात पुढच्या जोडीसाठी उचलला जातच असतो. मनगटाची ही एकच खाली-वर हालचाल आणि तिच्यात दोन ठोके. चुका बहुतेक दोनच. बोटं लवकर मिटली तर काठीची उसळीच दाबली जाते आणि दुसरा ठोका चेपल्यासारखा येतो. बोटं उशिरा मिटली तर काठी वर जाऊन जोर गमावून बसते आणि तुम्ही रिकाम्या काठीला ढकलत राहता. चेंडू जमिनीवर टप्पे देत नेताना तळहात ज्या क्षणी चेंडूला भेटतो, तोच हा क्षण. तो शब्दांत पकडता येत नाही. ७० ला एकेक जोडी, मध्ये एक मात्रा विश्रांती, अशी शेकड्याने वाजवून तो हातात बसवावा लागतो.

आता सांध्याचा व्यायाम. यावर सर्वाधिक वेळ द्या. मेट्रोनोम १०० वर. चार मात्रा निव्वळ मनगटाने, दोन्ही ठोके पूर्ण उचलून. पुढच्या चार मात्रा मनगट आणि बोटांनी. गती तीच, जोर तोच, आवाज तोच. फरक फक्त तुम्हाला कळावा, ऐकणाऱ्याला कळू नये. १०० ला जमलं की १०४, मग १०८. एखाद्या पायरीवर मनगटाचे ठोके आखडायला लागतील आणि एखाद्या पायरीखाली बोटांचे ठोके लोंबायला लागतील. या दोन पायऱ्यांमधली पट्टी सुरुवातीला रिकामी असते: मनगट ११० ला दमतं आणि बोटं १२५ च्या आत येत नाहीत, असं काहीसं. मनगट वर सरकवत आणि बोटं खाली उतरवत हे अंतर मिटवायचं. बोटांची हालचाल संथ गतीला खाली उतरवणं हे वेग वाढवण्यापेक्षा अवघड आहे. ते टाळणाऱ्याचा रोल कायम दोन तुकड्यांत राहतो.

अमेरिकेत १९३३ साली रूडिमेंटल ड्रमर्सची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. रूडिमेंट म्हणजे ड्रमवादनाच्या मूलभूत ठोक्यांची रचना. या संघटनेच्या तेरा आवश्यक रूडिमेंट्समध्ये पहिला क्रमांक लाँग रोलचा, म्हणजे याच डबल स्ट्रोकचा होता. १९८४ मध्ये पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने चाळीसची यादी केली, त्यात तो सहावा आहे. जुन्या पद्धतीत रूडिमेंट संथ सुरू करून हळूहळू शक्य तेवढा जलद न्यायचा आणि तितक्याच हळूहळू परत संथ करायचा, असा दंडक होता. मेट्रोनोमच्या पायऱ्यांइतकंच मी या सलग चढ-उताराला महत्त्व देतो, कारण त्यात सांधा ओलांडता येत नाही, त्यातून चालतच जावं लागतं. दीड मिनिट चढण, दीड मिनिट उतरण. उतरताना जास्त लक्ष द्या. बहुतेकांचा रोल चढताना शाबूत राहतो आणि उतरताना १२० च्या आसपास फुटतो.

वेगासाठी लांब रोल रेटत बसू नये. पाचचा रोल घ्या: उ उ डा डा उ, शेवटचा ठोका जोरात, मग थांबा. नंतर डावीकडून. मग सातचा, नऊचा. आखूड तुकड्यात हाताला आवळायला वेळच मिळत नाही, त्यामुळे लांब रोलला १३० वर अडकलेला हात नऊच्या रोलला १५० ला आरामात जातो. तुकड्यामधली विश्रांती हळूहळू कमी केली की लांब रोल आपोआप जोडला जातो. कमकुवत हाताला प्रत्येक व्यायामात दुप्पट वेळ द्या आणि सुरुवातही त्याच हाताने करा.

तपासणीसाठी कान पुरत नाही, पुरावा लागतो. फोन हातभर अंतरावर ठेवून रेकॉर्ड करा आणि अर्ध्या वेगाने ऐका; आवाजाचा आलेख दाखवणारं कुठलंही ॲप असेल तर उंच-बुटक्या शिखरांच्या जोड्या डोळ्यांनी दिसतात. ऑर्केस्ट्रावाल्यांकडे ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड) असतोच. तो लॅपटॉपला जोडून रेकॉर्ड केला तर प्रत्येक ठोक्याचा जोर १ ते १२७ मध्ये आकड्याने मिळतो. पहिला ९५ आणि दुसरा ६० असं चित्र सुरुवातीला दिसेल. फरक दहाच्या आत आला की मी पुढच्या गतीला जातो. फक्त ऑक्टोपॅडवरच सराव करू नका. त्याच्या रबराची उसळी सढळ असते. आणि त्यात सगळे ठोके एकाच जोराचे करून देणारी सोय चालू राहिली असेल तर आकडे काहीच सांगणार नाहीत.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, पत्र्याच्या खोलीत तर हात निथळतो. काठी घसरू लागली की अंगठा नकळत दाबतो आणि महिनाभर कमावलेली मोकळी पकड आठवड्यात जाते. नवीन काठीवरचं चकाकतं वॉर्निश पकडीच्या जागी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासून काढा, ओलसर हातातही लाकूड धरून राहतं. पहाटे वाजवा, सुती रुमाल मांडीवर ठेवा. कोपराखालचा हात जड वाटणं, थकवा येणं हे स्वाभाविक. मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ, बोटांना मुंग्या किंवा बधिरता आली तर त्याच क्षणी काठ्या खाली ठेवाव्यात. दुखणं दोन-तीन दिवसांत गेलं नाही तर डॉक्टरांना दाखवावं.

पॅडवरून ड्रमसेटवर जाताना आधी स्नेअरच्या तारा सैल सोडा. तारा लागलेल्या असल्या की त्यांची झरझर कमकुवत ठोके भरून काढते. तारा काढल्या की खरा रोल ऐकू येतो. वरचं पान मध्यम ताणाचं ठेवा. उगाच कडक ताणून उसळी विकत घेऊ नका, नाहीतर टॉमवर (सेटमधल्या बिनतारांच्या ड्रमवर) गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. हाय-हॅटवर (पायाने उघडझाप करायच्या झांजांच्या जोडीवर) काठीचं टोकच वापरा; तिथे डबल सहज निघतो. टॉम उतरत्या क्रमाने अवघड होत जातात. सोळा इंची फ्लोअर टॉमचं पान सैल असतं, काठी त्यात बुडते आणि उसळी जवळजवळ मिळतच नाही. उशीवर केलेलं मनगटाचं काम आणि बोटांची ओढ, दोन्ही इथे कामाला येतात.

गाण्यात याचा हिशोब असा. जयंतीच्या कार्यक्रमातलं एखादं भीमगीत ७५ च्या लयीत चाललं असेल आणि अंतऱ्याआधी मात्रेला आठ ठोक्यांचा भरणा टाकायचा असेल, तर हाताला ती १५० ची गती. अशा जागी नऊचा रोल दोन हातांनी स्नेअरवर सुरू करून शेवटचा जोरदार ठोका फ्लोअर टॉमवर द्यायचा. आधी ५० च्या लयीत, म्हणजे हाताच्या १०० ला, अख्खा रोल फ्लोअर टॉमवरच वाजवून पाहा. तिथे नऊच्या नऊ ठोके मोजता आले तरच लय वाढवा आणि मग तो स्नेअरवर न्या.